अर्जातला रकाना

या विषयाचा अभ्यास कुठून सुरू करावा, असं नवे विद्यार्थी विचारतात, तेव्हा मी त्यांना एका मराठीच्या प्राध्यापकाची गोष्ट सांगतो. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली. एका पुरुषासोबत असताना त्यांचं चित्रीकरण केलं गेलं. विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांना, अनैतिक वर्तनाचा ठपका ठेवून. त्याआधी सातच महिने, २ जुलै २००९ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध भारतीय दंडविधानाच्या कलम ३७७ मधून वगळले होते. म्हणजे गुन्हा नव्हता, तरी निलंबन झालं. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस आपल्या राहत्या जागी मृतावस्थेत आढळले.

हे सगळं पुढे ‘अलीगढ’ या चित्रपटामुळे घरोघरी पोचलं. माझं लक्ष मात्र नेहमी त्या निलंबनाच्या कागदाकडे जातं. सिरस न्यायालयात जाऊ शकले याला दोन कारणं होती. एक, विद्यापीठ सरकारी होतं, त्यामुळे त्याच्याविरुद्ध रिट दाखल करता येत होती. दुसरं, कारण लिहिलेला एक कागद त्यांच्या हातात होता. खासगी कंपनीत ते नोकरीला असते आणि ‘उद्यापासून येऊ नका’ असं नुसतं तोंडी सांगितलं गेलं असतं, तर काय झालं असतं? समलिंगी, उभयलैंगिक आणि पारलिंगी कर्मचाऱ्यांच्या कायदेशीर संरक्षणाचा हा विषय बराचसा या एका प्रश्नाभोवती फिरतो. भेदभाव कागदावर क्वचितच येतो आणि कायदा तर कागदच वाचतो.

शब्दांविषयी आधी थोडं बोलायला हवं, कारण मराठीत इथेच पहिली ठेच लागते. ‘उभयलिंगी’ म्हटलं की शाळेतल्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलं गांडूळ आठवतं. म्हणून स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण वाटणाऱ्या व्यक्तीसाठी मी ‘उभयलैंगिक’ वापरतो. ‘तृतीयपंथी’ हा शब्द रुळलेला आहे, पण तो ऐकताना जी प्रतिमा डोळ्यांपुढे येते, तिच्यात जन्माने मुलगी ठरवला गेलेला आणि पुरुष म्हणून जगणारा कर्मचारी बसत नाही. ‘पारलिंगी’ त्याला सामावून घेतो. कचेरीत अर्थात यातला एकही शब्द कोणी उच्चारत नाही. तिथे प्रश्न येतो, ‘लग्नाचं काय ठरवलंय?’

तो प्रश्न टाळणं आपल्या भाषेत अवघड आहे. सोमवारी डबा खाताना कोणी विचारलं, ‘रविवारी काय केलं?’ इंग्रजीत ‘पार्टनर’सोबत सिनेमा पाहिला म्हणून सुटता येतं. मराठीत पुढच्याच वाक्यात क्रियापद उभं राहतं: तो म्हणाला की ती म्हणाली? त्यामुळे कितीतरी माणसं ‘घरचे म्हणत होते’ या बहुवचनाच्या आडोशाला वर्षानुवर्षं राहतात. पारलिंगी व्यक्तीला तर तेवढाही आडोसा नाही. ‘मी आलो’ की ‘मी आले’, हे तिला दारातच ठरवावं लागतं आणि सगळ्या खात्याचे कान त्या एका स्वरावर असतात. भेदभावाची सुरुवात पुष्कळदा इथे होते. बढती डावलली जाणं ही फार पुढची पायरी. मला वाटतं, श्रमकायद्याच्या पाठ्यपुस्तकांनी कधीतरी डब्याच्या सुट्टीवरही एक प्रकरण लिहायला हवं.

आता कायदा. पारलिंगी व्यक्तींच्या बाबतीत पाया घातला तो सर्वोच्च न्यायालयाच्या १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने. स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क त्याने मान्य केला आणि शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत आरक्षण द्यायलाही सांगितलं. मग २०१९ चा संरक्षण कायदा आला, जो १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. त्याचं कलम ९ कोणत्याही आस्थापनेला भरती, बढती आणि नोकरीच्या इतर बाबतींत भेदभाव करायला मनाई करतं. वाचकाने ‘आस्थापना’ या शब्दाची व्याख्या मुद्दाम उघडून बघावी. तीत कंपनी आहे, भागीदारी पेढी आहे, न्यास आहे, सहकारी संस्थाही आहे. म्हणजे आपल्याकडची पतसंस्था आणि सहकारी साखर कारखानासुद्धा त्यातून सुटत नाही. कलम ११ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने एक तक्रार अधिकारी नेमायचा आहे, आणि २०२० च्या नियमांनुसार त्याने १५ दिवसांत चौकशी करायची आहे.

आणि हे पाळलं नाही तर? शिक्षा सांगणाऱ्या कलम १८ मध्ये वेठबिगारी आहे, सार्वजनिक जागी मज्जाव करणं आहे, घरातून हाकलणं आणि छळ आहे. नोकरीतला भेदभाव नाही. नियम आहे, दंड नाही. गावाच्या वेशीवरच्या ‘येथे कचरा टाकू नये’ या पाटीसारखं. पारलिंगी असल्यामुळे उत्तर प्रदेश आणि गुजरातमधल्या शाळांतली नोकरी गमावल्याची तक्रार करणाऱ्या शिक्षिकेच्या प्रकरणात, म्हणजे जेन कौशिक खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी भरपाई दिली, सरकारांच्या ढिलाईवर ताशेरे ओढले आणि समान संधी धोरणाचा मसुदा करण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. कायदा होऊन सहा वर्षं होत आली होती, तरी धोरणाचा मसुदा करण्यापासून सुरुवात करावी लागली.

महाराष्ट्राचा अनुभवही कागदाचाच आहे. २०२२ च्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात दोनच रकाने होते, स्त्री आणि पुरुष. आपली ओळख खोटी लिहायची किंवा अर्जच करायचा नाही, एवढेच पर्याय पारलिंगी उमेदवारांपुढे राहिले. त्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने तिसरा रकाना ठेवायला सांगितलं. राज्य सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. शारीरिक चाचणीचे निकष ठरलेले नाहीत, ही त्याची मुख्य अडचण होती. ‘नालसा’ला तेव्हा आठ वर्षं उलटली होती. डिसेंबरात न्यायालयाने खडसावल्यावर रकाना आला आणि फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत नियम करण्याचं आश्वासन मिळालं. कर्नाटकने २०२१ मध्येच आपल्या सरकारी नोकऱ्यांत पारलिंगी व्यक्तींसाठी एक टक्का समांतर आरक्षण ठेवलं होतं, हेही इथे नोंदवून ठेवतो. पण नुसती नेमणूक देऊन भागत नाही, हे कोची मेट्रोने दाखवलं. २०१७ मध्ये तिने पारलिंगी कर्मचारी घेतले, गाजावाजा झाला आणि काही जणांनी लगोलग नोकरी सोडली. त्यांना शहरात कोणी खोली देईना.

समलिंगी आणि उभयलैंगिक कर्मचाऱ्यांसाठी एवढंही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या नवतेज सिंग जोहर निकालाने मधल्या काळात पुन्हा बसलेला गुन्ह्याचा शिक्का पुसला. त्यातल्या काही न्यायमूर्तींनी असंही मांडलं की, राज्यघटनेच्या कलम १५ मधल्या ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलही येतो. तर्क उत्तम आहे, पण सरकारी नोकरीच्या बाहेर पाऊल टाकताच तो लंगडतो. कलम १५ चं पहिलं पोटकलम आणि कलम १६ राज्यसंस्थेला बांधतात. दुसरं पोटकलम दुकानं, उपाहारगृहं, विहिरी अशा जागांविषयी बोलतं. खासगी मालकाने कोणाला कामावर ठेवावं, हा प्रश्न दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो. ती फट बुजवू पाहणारं भेदभावविरोधी खासगी विधेयक शशी थरूर यांनी लोकसभेत मांडलं होतं; ते तसंच राहून गेलं. मोठ्या कंपन्यांची धोरणपत्रं असतात आणि त्यांतली काही मनापासून लिहिलेलीही आहेत. पण धोरण म्हणजे मालकाने दिलेला शब्द. तो मोडला तर दाद मागायची मालकाकडेच.

अमेरिकेची वाट वेगळी होती. तिथल्या १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने खासगी मालकालाही लिंगावरून भेद करायला मनाई केली होती. लैंगिक कलाचा त्यात उल्लेख नाही. समलिंगी लोकांच्या सॉफ्टबॉल संघात खेळू लागल्यावर जॉर्जियातल्या क्लेटन काउंटीच्या एका कर्मचाऱ्याची नोकरी गेली. त्याचं आणि आणखी दोघांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १५ जून २०२० रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल लागला. तर्क शाळकरी वाटावा इतका सरळ आहे: पुरुषावर प्रेम करणारी बाई कामावर राहते आणि पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला काढलं जातं, तर त्या दोघांत फरक लिंगाचाच ना? निकालपत्र लिहिलं न्यायमूर्ती गॉरसच यांनी, ज्यांची ख्याती पुराणमतवादी अशी. तिघांपैकी दोघं तो निकाल ऐकायला हयात नव्हती.

हाच तर्क आपल्याकडे चालेल का? वेतन संहितेत भरती आणि वेतन यांबाबत लिंगभावावरून भेद करायला मनाई आहे, आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. समलिंगी उमेदवाराला नाकारणं हा त्या अर्थाने भेद ठरतो, असं एखादा वकील उद्या मांडू शकेल. माझ्या मते त्याने मांडावं. या शाखेत नव्याने येणाऱ्यासाठी इतकी मोकळी जमीन क्वचितच उरलेली असते.

शेवटी जोडीदाराचा प्रश्न. १७ ऑक्टोबर २०२३ च्या सुप्रियो निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही, आणि त्याचा परिणाम थेट पगारपत्रकापर्यंत येतो. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत कुटुंब असलेल्या सभासदाने नामनिर्देशन कुटुंबातल्याच माणसाचं करायचं असतं, आणि कुटुंबाच्या व्याख्येत अवलंबून असलेले आईवडील येतात, वीस वर्षं एका छताखाली राहिलेला जोडीदार येत नाही. त्या अर्जावर कुणाचं नाव लिहायचं, हे हिशेबखात्यातल्या खिडकीपाशी उभ्या माणसाने कुणाला विचारावं?

या पुस्तकातली पुढची प्रकरणं वाचायला कायद्याची पदवी लागत नाही. मनुष्यबळ खात्यातल्या, युनियनमधल्या, शाळेच्या व्यवस्थापनातल्या माणसांनी ती वाचावीत, ही खरी अपेक्षा आहे. ‘आमच्याकडे असं कोणी नाही’ हे वाक्य मी व्याख्यानांनंतर इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर वाद घालत नाही. एवढंच सुचवतो, की उद्या कामावर गेलात की सूचनाफलकापाशी थांबा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे नेमायच्या तक्रार अधिकाऱ्याचं नाव तिथे आहे का बघा. नसेल, तर कचेरीत कुणाला तरी विचारा, आणि उत्तर लेखी मागा.