ट्युरिंगचा गुन्हा पुसला का?

आमच्या धंद्यात डेटाबेसमधून काही 'डिलीट' करा म्हटलं की निम्म्या वेळा ते खरं डिलीट नसतंच. ओळ तिथेच राहते, फक्त शेजारच्या रकान्यात '१' पडतो. ग्राहकाला दिसत नाही, पण ऑडिटवाला मागेल तेव्हा हजर! कोर्टाच्या दप्तरातली नोंद पुसणं हा प्रकारही बराचसा असाच असतो, हे अॅलन ट्युरिंगच्या निमित्ताने वाचताना कळलं.

ट्युरिंग म्हटलं की आपल्याला १९३६ चा तो प्रबंध आठवतो, नाहीतर जर्मनांचं एनिग्मा. त्याच्या नावावर एक गुन्हाही होता. जानेवारी १९५२ मध्ये मँचेस्टरजवळच्या विल्म्स्लोमधल्या त्याच्या घरी चोरी झाली. गडी सरळमार्गी, गेला पोलिसांत. चौकशीत चोराचा माग त्याच्या मित्रापर्यंत पोचला आणि त्या मित्राशी आपले संबंध आहेत, हे ट्युरिंगने सांगून टाकलं. झालं! चोरीचा फिर्यादीच आरोपी झाला. कलम १८८५ च्या कायद्याचं, 'घोर असभ्य वर्तन'. ३१ मार्च १९५२ ला त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. तुरुंग टळला, पण अट अशी की वर्षभर हार्मोन्सचा 'उपचार' घ्यायचा. सरकारी गुप्त कामाचे दरवाजे बंद झाले. ७ जून १९५४ ला सायनाइडने तो गेला. वय ४१.

इंग्लंडमध्ये कायदा १९६७ साली सैल झाला, तोही अर्धामुर्धा. पण कायदा बदलला म्हणून जुन्या शिक्षा आपोआप पुसल्या जात नाहीत. हजारो माणसं तो डाग घेऊनच नोकऱ्यांचे अर्ज भरत राहिली.

२००९ मध्ये जॉन ग्रॅहॅम-कमिंग या प्रोग्रॅमरने (आपल्यातलाच!) सरकारने माफी मागावी म्हणून अर्ज सुरू केला. हजारोंनी सह्या केल्या आणि सप्टेंबरमध्ये पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी खरंच माफी मागितली. पण 'शिक्षा माफ करा' ही मागणी २०१२ मध्ये सरकारने फेटाळली. कारण? त्या वेळच्या कायद्यानुसार शिक्षा योग्यच होती म्हणे. शेवटी २४ डिसेंबर २०१३ ला राणीने क्षमा दिली. एरवी अशी क्षमा निर्दोष माणसालाच आणि घरच्यांनी मागितली तरच मिळते. इथे दोन्ही अटी बाजूला ठेवल्या.

आता प्रश्न असा, की ट्युरिंग थोर म्हणून त्याला क्षमा. मग त्याच कलमाखाली शिक्षा झालेल्या हमालाचं आणि कारकुनाचं काय? ३१ जानेवारी २०१७ ला मंजूर झालेल्या कायद्याने याचं उत्तर दिलं. लोक त्याला 'ट्युरिंगचा कायदा' म्हणतात. मृतांना सरसकट क्षमा मिळाली, सरकारी आकडा सुमारे ४९,००० चा. जिवंत माणसांनी मात्र अर्ज करायचा. अर्ज २०१२ च्या कायद्याखाली, गृहखात्याकडे. तो मंजूर झाला की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही तो गुन्हा केलाच नाही, खटला झालाच नाही. नोकरीच्या अर्जात सांगायची गरज नाही.

आणि इथे मी हसलो. त्या कायद्यात 'डिलीट' या शब्दाची चक्क व्याख्या आहे. काही नोंदींच्या बाबतीत पुसणं म्हणजे ती नोंद ठेवून तिच्यासोबत 'ही धरू नये' असा शेरा लिहिणं. म्हणजे आमचाच रकाना!

पण सगळ्यांना हे पटलं नाही. १९७४ मध्ये शिक्षा झालेले जॉर्ज माँटेग्यू म्हणायचे, मला क्षमा नको, माफी मागा. क्षमा घेतली म्हणजे गुन्हा केला होता हे कबूल केल्यासारखं. मला हे तर्काच्या दृष्टीने बिनतोड वाटतं. क्षमा वरून खाली येते. माफी मागताना मान मागणाऱ्याची खाली जाते.

आपल्याकडचं ३७७ कलम इंग्रजांनीच १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला ते प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. न्या. इंदू मल्होत्रा यांनी तर इतिहासानेच या लोकांची माफी मागायला हवी असं लिहिलं. पण त्याच निकालात असंही आहे की चालू खटल्यांना याचा आधार घेता येईल, संपलेले खटले पुन्हा उघडणार नाहीत. म्हणजे आधीच शिक्षा भोगून बसलेल्याची ओळ तशीच. शेरासुद्धा नाही.

२०२१ मध्ये ट्युरिंग ५० पौंडांच्या नोटेवर आला. ज्या राज्याने त्याला गुन्हेगार ठरवलं त्याच्याच नोटेवर. छान वाटतं, नाही असं नाही. पण नोटेवर यायला तुम्ही ट्युरिंग असावं लागतं. बाकीच्यांना तो एक शेरासुद्धा पुरला असता, आणि तो जिवंतपणी मिळायला हवा होता.