ओझं कुठं टेकतं?

उसाच्या हंगामातली रात्र. डोंगरकड्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागलेली. टपरीवर विशीतला एक ड्रायव्हर चहा पिता पिता मोबाइलवर रील दाखवत होता. अमेरिकेतला पिकअप, सस्पेन्शन वाढवून उंच केलेला, चाकं माणसाच्या कमरेला लागतील एवढी. मागे लांबलचक ट्रेलर. ट्रेलरची पोलादी मान वर चढून, वाकून, थेट पिकअपच्या हौद्यात उतरलेली. तिला 'गूसनेक' म्हणतात. हंसाची मान.

"काय ताकद आहे राव!" ड्रायव्हर म्हणाला.

शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. उमेदीच्या काळात त्यांनी कारखान्यावर उसाची बैलगाडी हाकलेली. त्यांनी डोळे बारीक करून स्क्रीनकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "ओझं कुठं टेकलंय रं त्याचं?"

मला वाटतं, गाडी ओढण्याचा सगळा इतिहास या एका प्रश्नात बसतो.

बैलगाडी भरणाऱ्याला हा प्रश्न रोज सोडवावा लागायचा. दोन चाकं, मधे आख, पुढे धुरा आणि जू. माल आखाच्या फार पुढे रचला तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, खांदे सोलून निघतात. मागे जास्त रचला तर गाडी 'उलाळ' होते. मागचा भाग खाली बसतो, जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला जुपण्या आवळतात. म्हणून जाणता माणूस माल असा रचायचा की जू मानेवर टेकेल, पण रुतणार नाही. त्यासाठी वजनकाटा नव्हता. जू हातानं उचलून बघायचं, बस्स. आपण 'घराची धुरा सांभाळली' म्हणतो, तो शब्द याच गाडीतून आलाय.

आता डोंगरकड्याहून थेट डेट्रॉइटला जाऊ, कारण तिथंही सुरुवात एका लोहारापासूनच होते. ऑगस्ट फ्रुहॉफ घोडागाड्या बनवायचा. 1914 मध्ये एका लाकूड व्यापाऱ्याला आपली बोट मोटारीमागे न्यायची होती. फ्रुहॉफनं दोन चाकांचा सांगाडा बनवला आणि त्याचं पुढचं टोक फोर्ड मॉडेल टी गाडीवर टेकवलं. मागचा भार ट्रेलरच्या चाकांवर, पुढचा मोटारीवर. त्याला त्यानं 'सेमी-ट्रेलर' म्हटलं. आज हायवेवर धावणारे कंटेनर याच घराण्यातले. तत्त्व मात्र बैलगाडीचंच: ओझ्याचा थोडा हिस्सा ओढणाऱ्यानं अंगावर घ्यायचा.

गूसनेक हे त्याच तत्त्वाचं पिकअपसाठीचं रूप. साधा ट्रेलर गाडीच्या बंपरखालच्या हुकाला लागतो, म्हणजे मागच्या चाकांच्याही मागे. तिथं वजन पडलं की गाडीचं शेपूट खाली आणि तोंड वर. गूसनेकचा गोळा हौद्यात, मागच्या आखाच्या साधारण वर किंवा किंचित पुढे असतो. त्यामुळे जड वजन घेऊनही पुढची चाकं जमीन सोडत नाहीत. साध्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भाग जोडावर ठेवतात, गूसनेकमध्ये 15 ते 25 टक्के चालतो. म्हणजे ट्रेलर 10 टनांचा असेल तर दीड ते अडीच टन पिकअपच्या अंगावर. रीलमधली ताकद इंजिनाची असतेच, पण अर्धी करामत त्या गोळ्याच्या जागेची आहे.

मग पिकअप उंच केला की काय होतं? गोळाही तेवढाच वर जातो. ट्रेलरचं नाक वर होतं आणि भार त्याच्या मागच्या आखाकडे सरकतो. तिकडची चाकं आणि ब्रेक जास्त ओझं सोसतात, पुढच्या आखाची पकड कमी होते. ट्रेलर सपाट करायला मानेचा दांडा आखूड केला, तर हौद्याची कड आणि मान यांच्यातलं अंतर घटतं. हे अंतर सपाटीवर निदान 6 इंच असावं म्हणतात. ते नसेल तर खड्ड्यात किंवा चढाच्या तोंडाशी मान हौद्यावर आदळते. शिवाय गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला, म्हणजे वळणावर कलंडण्याची भीती वाढलेली. दिसायला रुबाबदार, पण म्हातारबाबांच्या भाषेत जू उचललेलं.

जोडाची जागा चुकली की काय होतं, हे ट्रॅक्टरनं आधीच शिकवलं होतं. 1917 पासून हेन्री फोर्डचा स्वस्त 'फोर्डसन' ट्रॅक्टर हजारोंनी शेतात उतरला. त्याच्यामागे नांगर साखळदंडासारखा ओढला जायचा. नांगर दगडात अडकला की मागची चाकं थांबायची, इंजिन थांबायचं नाही. मग ट्रॅक्टर आपल्याच आखाभोवती फिरून पुढून उभा राहायचा आणि ड्रायव्हरवर उलटायचा. त्यात माणसं मेली.

हॅरी फर्ग्युसन या आयरिश मेकॅनिकनं यावर वर्षानुवर्षं डोकं चालवलं. त्यानं नांगर तीन बिंदूंनी ट्रॅक्टरला जोडला. नांगर अडला की वरचा दांडा ट्रॅक्टरला पुढे रेटतो, पुढची चाकं उचलण्याऐवजी दाबली जातात. 1938 मध्ये फर्ग्युसन आणि फोर्ड यांनी कागदावर सही न करता हस्तांदोलनावर करार केला, 1939 मध्ये त्यांचा ट्रॅक्टर बाजारात आला. पुढे फर्ग्युसन आणि फोर्ड कंपनी यांचं कोर्टात वाजलं, पण ती जोडणी जगभर पसरली. आपल्याकडे 1960 नंतर मद्रासच्या 'टॅफे'नं मॅसी फर्ग्युसन बनवायला घेतले, मुंबईत कांदिवलीला महिंद्रांचे ट्रॅक्टर तयार होऊ लागले. आज गावातल्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीवर फर्ग्युसनचे ते तीन बिंदू आहेत.

गोम इथंच आहे. ट्रॉली त्या तीन बिंदूंना लागत नाही. ती मागच्या हुकाला लागते, आखाच्या मागे.

इसापूरच्या कालव्याचं पाणी आलं, केळी आणि ऊस वाढला, डोंगरकड्यात कारखाना उभा राहिला. बैलगाड्यांच्या जागी हळूहळू ट्रॅक्टर आले, एकामागे दोन-दोन ट्रॉल्या. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून ट्रॉलीवर ऊस चढत जातो. ट्रॅक्टर हप्त्यावर घेतलेला, टोळीला उचल दिलेली. दोन टन कमी भरा, हे सांगणं सोपं असतं, सांगणाऱ्याला हप्ता नसतो.

सपाट रस्त्यावर हे निभावतं. चढ आला की ओढ वाढते, हुकावरचा भार शेपूट दाबतो आणि पुढची चाकं हलकी होतात, कधी वीतभर उचलतात. त्या क्षणी स्टिअरिंगचा उपयोग नसतो. ड्रायव्हर डावा-उजवा ब्रेक वेगळा दाबून ट्रॅक्टर वळवतो. कुणी पुढे जादा वजन अडकवतं, कुणी चक्क बोनेटवर माणूस बसवतं. याचेही रील निघतात, त्यांनाही लाइक मिळतात. 1917 नंतर फोर्डसनवर जे घडत होतं, तेच आपण आज हेडफोन लावून, गाण्यावर बघतो.

मी त्या पोराला फर्ग्युसनची गोष्ट सांगितली. तो हसला. म्हणाला, "मागच्या हंगामात माझी दोन्ही चाकं वर गेली होती. पोटात गोळा आला, पण खाली उतरल्यावर सगळे टाळ्या वाजवत होते." मग थोडं थांबून म्हणाला, "घरी नाही सांगितलं."

म्हातारबाबा काही बोलले नाहीत. रांग हलली तसे ते उठले आणि पोराच्या ट्रॅक्टरमागे जाऊन उभे राहिले. पूर्वी जू उचलून बघायचे, तसा त्यांनी हुकावर हात ठेवला. एवढ्या वजनापुढे त्या हाताला काय कळणार होतं? तरी पोरगा मोबाइल खिशात टाकून त्यांच्याजवळ गेला. खाली वाकून त्यानं पिन तपासली, मग पुढे जाऊन चाकं बघितली.

पुढे चढ होता. त्यानं पहिला गिअर टाकला आणि सावकाश निघाला.