बेलापूर स्थानक आणि मालवाहतूक: लोहमार्ग ते महामार्ग व पुन्हा लोहमार्ग

महामार्गावरील मालवाहतूक पुन्हा रेल्वेकडे वळविण्याची चर्चा सध्या देशपातळीवर होत आहे. प्रस्तुत लेखात तिचा विचार बेलापूर परिसराच्या संदर्भात केला आहे.

दौंड-मनमाड लोहमार्ग 1878 मध्ये पूर्ण झाला. 1876-77 च्या दुष्काळात त्याच्या भरावावर दुष्काळग्रस्त मजूर राबले होते. बेलापूरचे नाव धारण करणारे स्थानक मात्र प्रवरेकाठच्या मूळ गावापासून काही किलोमीटर उत्तरेस झाले. गाव मागे राहिले आणि स्थानकाभोवतीची 'बेलापूर रोड' ही वस्ती पुढे श्रीरामपूर म्हणून वाढली. भंडारदरा धरण 1926 मध्ये पूर्ण झाले, प्रवरा कालव्यांखाली ऊस आला, हरिगावला बेलापूर कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. नगर-मनमाड महामार्ग येथून पश्चिमेस, राहुरी-कोल्हार-राहाता असा जातो. म्हणजे हा मुलूख महामार्गाला नव्हे, लोहमार्गाला लागून आहे. तरीही येथील शेतमाल ट्रकने जाऊ लागला.

ट्रक थेट शेताच्या बांधापर्यंत येतो, हे याचे नेहमी दिले जाणारे कारण खरे असले तरी अपुरे आहे. 1980 च्या दशकात रेल्वेने फुटकळ मालाची वाहतूक आवरती घेऊन पूर्ण रेकवर भर दिला. सुमारे 40 वाघिणींचा रेक म्हणजे अडीच हजार टनांच्या आसपास माल. मोठा व्यापारी तो भरू शकतो; दोन-चार टन कांदा अथवा डाळिंब असलेल्या शेतकऱ्याने काय करावे? माल रस्त्याने ओढून नेला, असे म्हणण्यापेक्षा रेल्वेनेच तो सोडून दिला, असे म्हणणे प्रस्तुत लेखकास अधिक सयुक्तिक वाटते.

या मताला किसान रेलच्या अनुभवाने पुष्टी मिळते. पहिली किसान रेल 7 ऑगस्ट 2020 रोजी देवळालीहून दानापूरकडे निघाली. पुढे सांगोल्याहून सुटणारी किसान रेल दौंड-मनमाड मार्गानेच उत्तरेकडे धावली. मालाला किमान वजनाची अट नव्हती, भाड्यात 50 टक्के अनुदान होते. जानेवारी 2023 पर्यंत देशभरात 2,359 फेऱ्यांतून सुमारे 7.9 लाख टन नाशवंत माल गेला. थोडा माल स्वीकारताच शेतकरी स्थानकावर आला. मात्र त्यातील किती वाटा अनुदानाचा, हे वेगळे तपासावे लागेल.

राष्ट्रीय रेल्वे योजनेने 2030 पर्यंत मालवाहतुकीतील रेल्वेचा वाटा 45 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. हा वाटा टनांत मोजला जातो. कोळसा, सिमेंट व लोहखनिज यांच्या बळावर, प्रवराकाठचे एकही पोते न उचलता, तो बऱ्याच अंशी वाढू शकतो.