फुलमेटल अल्केमिस्ट : मूळ मांगा आणि दोन ॲनिमे मालिका

फुलमेटल अल्केमिस्ट (जपानी नाव ‘हागाने नो रेन्किन्जुत्सुशी’) ही हिरोमु आराकावा या जपानी चित्रकथाकर्तीची मांगा, म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचली जाणारी जपानी चित्रकथामालिका होय. एनिक्स (२००३ पासून स्क्वेअर एनिक्स) या प्रकाशनसंस्थेच्या ‘गेक्कान शोनेन गांगान’ या किशोरांसाठीच्या मासिकात ती ऑगस्ट २००१ ते जुलै २०१० या अंकांतून १०८ प्रकरणांत क्रमशः प्रसिद्ध झाली आणि तिचे २७ खंड निघाले. तिच्यावरून बोन्स या एकाच स्टुडिओने दोन स्वतंत्र ॲनिमे, म्हणजे जपानी सचेतपट मालिका, तयार केल्या : सेइजी मिझुशिमा दिग्दर्शित ५१ भागांची पहिली (ऑक्टोबर २००३ ते ऑक्टोबर २००४) आणि यासुहिरो इरिए दिग्दर्शित ६४ भागांची दुसरी (एप्रिल २००९ ते जुलै २०१०). जपानमध्ये दोन्हींचे नाव एकच असले, तरी जपानबाहेर दुसरी ‘ब्रदरहुड’ या उपनावाने ओळखली जाते. एकाच कथेची एकाच स्टुडिओने केलेली दोन माध्यमांतरे इतक्या वेगळ्या वाटांनी गेल्याची उदाहरणे थोडी असल्यामुळे मूळ मांगा आणि ॲनिमे यांची तुलना करणाऱ्या रसिकांच्या चर्चेत या कृतीला मानदंडाचे स्थान मिळाले आहे.

कथा एडवर्ड आणि अल्फॉन्स एल्रिक या भावांची आहे. किमयेला शास्त्र मानणाऱ्या आणि लष्कराची सत्ता असलेल्या अमेस्ट्रिस या कल्पित देशात हे दोघे मृत आईला किमयेने पुन्हा घडवण्याचा निषिद्ध प्रयोग करतात. त्यात एडवर्डचा पाय जातो, अल्फॉन्सचे सबंध शरीर नाहीसे होते आणि धाकट्याचा आत्मा एका चिलखतात बांधून ठेवण्यासाठी थोरल्याला आपला हातही द्यावा लागतो. काही मिळवायचे तर तितक्याच मोलाचे काही द्यावे लागते, हा ‘समतुल्य विनिमया’चा नियम या किमयेचा पाया असून गमावलेली शरीरे परत मिळवण्यासाठी चाललेला परिसाचा शोध भावांना लष्कराने इश्वाल या प्रांतात केलेल्या नरसंहारापर्यंत नेतो. होक्काइडो बेटावरील दुग्धव्यावसायिक कुटुंबात १९७३ मध्ये जन्मलेल्या आराकावा यांना तेथील मूळच्या ऐनू लोकांच्या विस्थापनाचा इतिहास परिचयाचा होता, आणि युद्धाच्या चित्रणासाठी त्यांनी दुसऱ्या महायुद्धातील जुन्या सैनिकांशी बोलून माहिती घेतली होती. किशोरांच्या मासिकातील साहसकथेत विजयी सैन्याच्या अपराधाला इतके मध्यवर्ती स्थान मिळाले, ही या मांगेची सर्वांत मोलाची बाजू होय. कोणत्याही माध्यमांतराची खरी कसोटी येथेच लागते.

माध्यमांतर मूळ कथेपासून का दूर जाते, याचे उत्तर बहुधा वेळेच्या गणितात सापडते. मासिकात महिन्याला एक प्रकरण येते, तर दूरचित्रवाणीवर आठवड्याला एक भाग दाखवावा लागतो. त्यामुळे चालू मांगेवरील ॲनिमे थोड्याच काळात मूळ कथेला गाठते. अशा वेळी मूळ कथेत नसलेले भरणीचे भाग, ज्यांना रसिक ‘फिलर’ म्हणतात, घालून वेळ काढणे, मालिका मध्येच थांबवणे किंवा स्वतंत्र शेवट रचणे, एवढेच मार्ग निर्मात्यांपुढे उरतात. ही अडचण जुनी आहे. ओसामु तेझुका यांच्या ‘तेत्सुवान अतोमु’वरील मालिका १९६३ मध्ये सुरू झाली, तेव्हाही मांगेतील कथा अपुऱ्या पडून नव्या रचाव्या लागल्या होत्या. कात्सुहिरो ओतोमो यांनी आपल्याच ‘अकिरा’वर १९८८ मध्ये चित्रपट केला तो मांगा पूर्ण होण्याआधी दोन वर्षे, आणि त्याचा शेवट मांगेहून निराळा आहे; माध्यमांतर स्वतः लेखकाच्या हातचे असले तरी दोन्ही रूपे एक राहत नाहीत, हे त्यावरून दिसते.

‘फुलमेटल अल्केमिस्ट’ची पहिली मालिका सुरू झाली तेव्हा मांगेचे जेमतेम पाच-सहा खंड निघाले होते. ॲनिमेचा शेवट मांगेपेक्षा वेगळा असावा, अशी आराकावा यांचीच इच्छा होती, आणि पटकथेची सूत्रे शो आइकावा यांच्याकडे सोपवण्यात आली. आइकावा यांनी केलेला सर्वांत मोठा बदल होमन्क्युलस, म्हणजे किमयेतून निर्माण झालेले कृत्रिम मानव, यांच्या उत्पत्तीत आहे. ख्रिस्ती परंपरेतील सात महापातकांची नावे धारण करणारे हे जीव मांगेत ‘पिता’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खलपुरुषाने स्वतःतून वेगळ्या काढलेल्या विकारांचे बनलेले आहेत. पहिल्या मालिकेत मात्र मृत माणसाला परत आणण्याच्या प्रत्येक फसलेल्या प्रयोगातून एकेक होमन्क्युलस जन्मतो. परिणामी मांगेत भुयार खोदणारा अजस्र मजूर असलेला स्लॉथ (आळस) येथे एल्रिक बंधूंच्या आईचा चेहरा घेऊन समोर येतो आणि आपल्याच अपराधातून निपजलेल्या त्या स्त्रीला मारण्याची वेळ एडवर्डवर येते. मांगेत नसलेला हा प्रसंग मांगेतील कोणत्याही प्रसंगाइतकाच कथेच्या गाभ्यातून आलेला आहे, आणि त्यामुळे पहिल्या मालिकेला मूळ कथेचे विकृत रूप म्हणणे अन्यायाचे ठरते.

बदलाची किंमत मात्र अन्यत्र मोजावी लागली आहे. एडवर्डची बालमैत्रीण विन्री हिच्या डॉक्टर आई-वडिलांचा इश्वालमध्ये झालेला मृत्यू हे त्याचे उत्तम उदाहरण होय. मांगेत नरसंहारातून वाचलेला स्कार हा इश्वाली पुरुष, शुद्धीवर येताच भान हरपून, आपल्यावर उपचार करणाऱ्या या दोघांना मारतो. पुढे विन्री आणि स्कार समोरासमोर येतात, आणि अत्याचार सोसलेल्याने केलेल्या हत्येचे काय करायचे, हा प्रश्न कथेत सोपे उत्तर न देता उभा राहतो. पहिल्या मालिकेत हीच हत्या रॉय मस्टँग हा लष्करी अधिकारी वरिष्ठांच्या हुकमावरून करतो. त्यामुळे मस्टँगचा अपराधभाव अधिक गडद होतो आणि आज्ञाधारक सैनिकाच्या जबाबदारीचा प्रश्न टोकदार बनतो, परंतु विन्री आणि स्कार यांच्यातील तो संघर्ष कथेतून नाहीसा होतो.

दुसरी मालिका मांगा अखेरच्या टप्प्यात असताना सुरू झाली. मांगेचे शेवटचे प्रकरण ११ जून २०१० रोजी आणि मालिकेचा शेवटचा भाग ४ जुलै २०१० रोजी आला, त्यामुळे स्वतंत्र शेवट रचण्याची गरजच उरली नाही. पूर्वेकडील शिंग देशातून आलेला राजपुत्र लिंग याच्यासारखी, पहिल्या मालिकेत नसलेली पात्रे येथे आली आणि देशभर पसरलेल्या कटाची मांगेतील घट्ट वीण जशीच्या तशी उतरली. पहिल्या मालिकेत येऊन गेलेला भाग मात्र या मालिकेने घाईने उरकला. मस्टँगचा मित्र माएझ ह्यूज याचा मृत्यू मांगेत १५ व्या प्रकरणात येतो. पहिल्या मालिकेत तो २५ व्या भागात आहे, तर दुसऱ्या मालिकेत १० व्या भागातच. मुलीच्या छायाचित्रांचे कौतुक सांगत फिरणाऱ्या या माणसाशी प्रेक्षकाचा सहवास पहिल्या मालिकेत वाढवत नेलेला असल्याने त्याचे जाणे तेथे अधिक जिव्हारी लागते. खाणकामगारांच्या वस्तीची मांगेतील स्वतंत्र कथाही दुसऱ्या मालिकेने गाळली, आणि सुरुवातीचा भाग मात्र मांगेत नसलेल्या एका बंडखोर किमयागारावर खर्च केला. मूळ कथेला निष्ठावान म्हणून गौरवल्या जाणाऱ्या मालिकेतही निवड आणि काटछाट असतेच, हे तिच्या कैवाऱ्यांनी लक्षात घेणे आवश्यक आहे.

दोन्ही शेवटांत समतुल्य विनिमयाच्या नियमाचा निकाल लागतो, पण निराळ्या रीतीने. मांगेत आणि तिला अनुसरणाऱ्या दुसऱ्या मालिकेत एडवर्ड भावाच्या मोबदल्यात स्वतःची किमया करण्याची शक्तीच देऊन टाकतो, आणि मिळालेल्यात आपली थोडी भर घालून पुढे देण्याचा विचार त्या नियमाच्या जागी येतो. पहिल्या मालिकेत हा नियम जगाला लागूच पडत नाही, असा कठोर निष्कर्ष खलनायिका दांते हिच्या तोंडून येतो, एडवर्ड विसाव्या शतकातील आपल्या परिचयाच्या युरोपात फेकला जातो आणि शरीर परत मिळालेल्या अल्फॉन्सला दोघांच्या शोधप्रवासाची आठवणही राहत नाही. ही कथा २००५ च्या चित्रपटात १९२३ च्या म्युनिकपर्यंत, नाझींच्या फसलेल्या उठावापर्यंत पोचते. किमयेच्या जगाला खऱ्या इतिहासाशी जोडण्याचे हे धाडस काही रसिकांना पहिल्या मालिकेचे वैभव वाटते, तर काहींना कथेशी केलेली जबरदस्ती.

रसिकांच्या चर्चेत नवख्याने कोणती मालिका आधी पाहावी, हा प्रश्न सतत येतो. प्रथम २००३ ची आणि मग २००९ ची, हा क्रम अनेक जण सुचवतात आणि तो सयुक्तिक आहे, कारण दुसरीने घाईत उरकलेली माणसे पहिलीत सावकाश भेटलेली असतात. उलट क्रमाने पाहणारा पहिलीतील बदलांकडे चुका म्हणून पाहण्याची शक्यता अधिक. कथानकापलीकडची तुलना मात्र या चर्चेत कमी होते. एडवर्ड आणि अल्फॉन्स यांना रोमी पार्क आणि रिए कुगिमिया यांनी दोन्ही मालिकांत आवाज दिला, मस्टँगचा आवाज मात्र तोरु ओकावा यांच्याकडून शिनइचिरो मिकी यांच्याकडे गेला; संगीत पहिलीला मिचिरु ओशिमा यांचे आणि दुसरीला आकिरा सेन्जू यांचे आहे. गंभीर प्रसंगाच्या मध्येच पात्रे बुटकी, बटबटीत काढून विनोद करण्याची आराकावा यांची लकब दुसरीने बरीच जपली. कागदावर अशा चौकटीवरून वाचकाची नजर क्षणात पुढे सरकते, पडद्यावर तिला ठरावीक सेकंद द्यावेच लागतात, आणि त्यामुळे मांगेत सहज वाटणारा विनोद दुसऱ्या मालिकेत काही ठिकाणी शोकाच्या आड येतो.