खुकुरीची घडण

खुकुरी (मराठीत कुकरी असेही म्हणतात) हे नेपाळमधील आतल्या बाजूने वाकलेल्या पात्याचे एकधारी हत्यार आहे. गोरखा सैनिकांचे शस्त्र म्हणून ते जगाला परिचित झाले, तरी नेपाळच्या डोंगराळ भागात लाकूड तोडणे, झुडपे साफ करणे, मांस कापणे अशा रोजच्या कामांसाठीच त्याचा मुख्यतः वापर होतो. हाताने खुकुरी घडविण्याचे काम परंपरेने कामी (विश्वकर्मा) या लोहार समाजाकडे आहे. भोजपूर व धरान ही या कामासाठी प्रसिद्ध असलेली ठिकाणे आहेत.

पाते

लोहाराच्या कामाच्या जागेस नेपाळीत 'आरन' म्हणतात. मोटारगाड्यांच्या निकामी झालेल्या कमानपाट्यांचे पोलाद हा आज सर्वाधिक वापरला जाणारा कच्चा माल होय. कोळशाच्या भट्टीत तुकडा लाल करून ऐरणीवर घणाने ठोकला जातो. पाठीचा भाग जाड ठेवून धारेकडे पाते पातळ करीत नेतात. मुठीजवळ धारेच्या बाजूस एक लहान खाच ठेवतात. कापताना ओघळणारा द्रव मुठीपर्यंत येऊ नये, हे तिचे एक कारण सांगितले जाते. तिला धार्मिक अर्थही दिले जातात.

यानंतरची पाणी देण्याची क्रिया सर्वांत नाजूक असते. तापलेले संपूर्ण पाते पाण्यात न बुडविता किटलीच्या तोटीतून बारीक धार केवळ पात्याच्या धारेवर सोडली जाते. त्यामुळे धार झपाट्याने थंड होऊन कठीण बनते, तर जाड पाठ सावकाश निवते व चिवट राहते. पाठीत उरलेली उष्णता धारेकडे पसरल्याने धारेचा ठिसूळपणाही काहीसा कमी होतो. संपूर्ण पाते सारखेच कठीण केल्यास जोराच्या घावाने ते तुटण्याचा धोका असतो. उष्णतेचा अंदाज कारागीर धातूच्या रंगावरून घेतो.

मूठ

मुठीसाठी मुख्यतः शिसवाचे लाकूड किंवा म्हशीचे शिंग वापरतात. शिंग बुडाकडे पोकळ असल्याने टोकाकडील भरीव भाग निवडतात. ते घासल्यावर काळेभोर व तुळतुळीत दिसते. मात्र फार कोरड्या हवेत आकसून त्याला तडे जाऊ शकतात आणि किडीचाही उपद्रव होतो. लाकडी मूठ घामेजलेल्या हातात कमी निसटते, म्हणून कष्टाच्या कामासाठी ती सोयीची ठरते. पकड घट्ट राहावी यासाठी मुठीच्या मध्यावर कंगोरे कोरतात.

पात्याची निमुळती शेपटी मुठीतील छिद्रात बसवून पोकळीत 'लाहा' ही लाखेसारखी राळ भरतात. काही प्रकारांत शेपटी मुठीतून आरपार नेऊन टोकाच्या पितळी टोपीवर ठोकून पक्की करतात. लाहा उष्णतेने मऊ होत असल्याने फार तापल्यास मूठ सैल पडते. परंतु त्याच गुणामुळे तुटलेली मूठ काढून नवी बसविता येते. दुसऱ्या पद्धतीत पोलादाची पट्टी मुठीइतकीच रुंद ठेवून तिच्या दोन्ही बाजूंस लाकडाच्या वा शिंगाच्या फळ्या रिवेटांनी जोडतात.

कारागिरांची स्थिती

ज्या समाजाने हे राष्ट्रीय ओळखीचे हत्यार घडविले, त्याला इ.स. १८५४ च्या मुलुकी ऐन या कायद्याने अस्पृश्य ठरविले होते. महाराष्ट्रातील बलुतेदारीशी साम्य असलेल्या 'बाली' प्रथेनुसार अवजारे बनविण्याच्या व दुरुस्तीच्या मोबदल्यात लोहाराला सुगीनंतर धान्य मिळे. इ.स. १९६३ च्या नव्या मुलुकी ऐनने जातीवर आधारित भेदाची कायदेशीर मान्यता संपविली आणि २०११ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणे हा स्वतंत्र दंडनीय गुन्हा ठरविला. तरीही सामाजिक भेदभाव पूर्णतः नाहीसा झालेला नाही. कारखान्यात बनलेली स्वस्त अवजारे आणि रोजगारासाठी तरुणांचे परदेशगमन यांमुळे ही कला पुढच्या पिढीकडे जाणे कठीण झाले आहे. सैन्य, पर्यटक व संग्राहक यांच्याकडून होणारी मागणी हा अनेक आरनांचा आज मोठा आधार आहे.