विमानातला पियानो

मागच्या महिन्यात आई पहिल्यांदाच इकडे, डलासला आली. दोन ठिकाणी विमान बदलून, एकूण ३१ तासांनी. पाय इतके सुजले होते की चपला हातात घेऊनच व्हीलचेअरवर बसली होती. "काही नाही रे, बसून बसून झालंय," एवढंच म्हणाली. मी मात्र घरी पोचेपर्यंत त्या विमान कंपनीचा उद्धार करत होतो. पाय हलवायला जागा नाही, शेवटच्या विमानात जेवणसुद्धा विकत! पूर्वी म्हणे काय थाट असायचा...

तर हा थाट गेला कुठे, हे बघायला शनिवारी बसलो. आणि जे सापडलं ते जरा अडचणीचं निघालं.

१९३८ च्या कायद्यापासून अमेरिकेत कुठल्या कंपनीने कुठल्या मार्गावर उडायचं आणि तिकीट केवढ्याला विकायचं, हे सरकार ठरवायचं. हे काम पुढे सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाकडे आलं. समुद्रापलीकडच्या भाड्यांचं 'आयाटा' ही कंपन्यांची संघटना बघायची. म्हणजे भाडं सगळ्यांचं सारखंच. मग गिऱ्हाईक ओढायचं कसं? खाऊ घालून! १९५८ मध्ये अटलांटिकवर इकॉनॉमी क्लास सुरू झाला आणि त्यात फक्त साधं, थंड सँडविच द्यायचं असा नियम झाला. स्कँडिनेव्हियाच्या 'एसएएस'ने सँडविचच्या नावाखाली पावावर असं काही रचून दिलं की पाव दिसेचना. पॅन अ‍ॅमने तक्रार केली, सँडविच कशाला म्हणायचं यावर मोठमोठ्या माणसांनी बैठक घेतली आणि एसएएसला चक्क दंड झाला. आपल्याकडच्या लग्नातले मानापमान बरे.

पियानोचं प्रकरण त्यानंतरचं. १९७० मध्ये जंबो जेट आलं, नेमकं मंदीत. विमानं अर्धी रिकामी, आणि भाडं कमी करायची मुभा नाही. तेव्हा अमेरिकन एअरलाइन्सने मागच्या, म्हणजे साध्या वर्गातल्या खुर्च्या काढून तिथे बैठक केली आणि इलेक्ट्रिक पियानो ठेवला. आपण ज्याला थाट म्हणतो तो हा. रिकाम्या खुर्च्यांचं काय करायचं म्हणून केलेला! (आणि तेव्हा आमच्या घरातलं कुणी विमानात बसलं असतं का? आजोबा महालक्ष्मी एक्स्प्रेसचं रिझर्वेशन मिळालं तरी गावभर सांगायचे.)

गंमत म्हणजे राज्याच्या आतल्या आत उडणाऱ्या कंपन्यांवर या बोर्डाचा अंमल नव्हता. १९७१ मध्ये इथूनच, डलासहून, साउथवेस्टने ह्यूस्टन आणि सॅन अँटोनिओला स्वस्तात उडायला सुरुवात केली. जेवण नाही, थाट नाही, पण लोक गेले. १९७७ मध्ये अल्फ्रेड कान हा अर्थतज्ज्ञ बोर्डाचा अध्यक्ष झाला, २४ ऑक्टोबर १९७८ ला कार्टरनी नव्या कायद्यावर सही केली आणि भाडी मोकळी झाली. १९८४ संपता संपता बोर्डच बंद. भाडी उतरली, विमानं भरली, पियानो तर आधीच गेला होता.

इथवर मी कंपन्यांनाच शिव्या देत होतो. मग २००० सालची गोष्ट वाचली. त्याच अमेरिकन एअरलाइन्सने साध्या वर्गातल्या हजारो खुर्च्या काढून सगळ्यांना पाय ठेवायला जागा वाढवून दिली. जाहिरातीही केल्या. लोकांनी कौतुक केलं आणि तिकीट दुसरीकडे, जिथे स्वस्त मिळेल तिथे काढलं. २००४ च्या शेवटी कंपनीने खुर्च्या परत बसवायचं ठरवलं.

च्यायला! मी काय वेगळं केलं होतं?

आईचं तिकीट काढताना एकाच ठिकाणी थांबणारं विमान समोर दिसत होतं. १८० डॉलर जास्त. मी यादी किमतीप्रमाणे लावली आणि पहिल्या ओळीवर क्लिक केलं. वर फोन करून आईला सांगितलं, "मस्त डील मिळालं."

परतीचा प्रवासही तसाच आहे, दोन ठिकाणी बदल. काल चौकशी केली, आता बदलायला २२० डॉलर पडतात. आईच्या कानावर गेलं, तर म्हणते, "उगाच कशाला रे घालवतोस? त्यात बाबांना स्वेटर येईल."

ते पान अजून उघडंच आहे.