मारीचाची काया, गोदेची हाडे

संभाजीनगरहून अहिल्यानगरकडे निघालेली एसटी गोदावरीच्या पुलावर चढली की गंगापूर तालुका मागे पडतो. अलीकडे कायगाव, पलीकडे नेवासे तालुक्यातले टोका आणि प्रवरासंगम. बोलताना मात्र सगळे 'कायगाव टोका' असे जोडूनच म्हणतात, आणि कथाही जोडूनच सांगतात. सीतेला भुलवणाऱ्या सोन्याच्या हरणामागे राम धावत इथवर आला, त्याने बाण सोडला. मारीचाची काया पडली ते कायगाव, बाणाचे टोक पडले ते टोका. सांगणारा बदलला की तपशील थोडे इकडेतिकडे होतात. हरीण मात्र कायम राहते.

हरीण कोणते, हे विचारायला हरकत नाही. वाल्मीकींनी त्याच्या सोनेरी अंगावर रुपेरी ठिपके दिले आहेत, म्हणजे नमुना चितळाचा. ठिपक्यांची ही ख्याती तेव्हा दूरवर गेली होती. पहिल्या शतकातल्या रोमन प्लिनीने भारतातल्या पांढऱ्या ठिपक्यांच्या एका जनावराला 'ॲक्सिस' म्हटले आणि शास्त्रज्ञांनी पुढे चितळाला तेच नाव दिले. पण चितळाला झाडी लागते, जवळ पाणी लागते. गंगापूर-वैजापूरकडचा हा कमी पावसाचा उघडा माळ खरा काळविटाचा. वैजापूरला खेटून असलेल्या येवला तालुक्यात ममदापूरला त्याच्यासाठी राखीव क्षेत्रच आहे. काळविटाच्या अंगावर ठिपका नसतो. शिंगांतही फरक आहे: चितळ नराची शिंगे गळून पुन्हा उगवतात, काळविटाची जन्मभर टिकतात. आणि राम जिथून हरणामागे निघाला ती पंचवटी इथून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या वर. काळवीट ताशी ऐंशीच्या आसपास पळतो, पण तो वेग थोड्या वेळापुरता. मारीच मायावी होता म्हणून निभावले.

तेव्हा ही कथा जनावरावरून सुचलेली नाही. गावांची नावे आधी असावीत आणि त्यांना शोभेल असे हरीण मागून आणून पाडले असावे, असे माझे मत. गोदाकाठी राम सीतेसह राहिला ही श्रद्धा घट्ट, त्यामुळे हरणाला फार शोधावेही लागले नसेल.

याच्या उलट चालीच्या कथाही आहेत: आधी हाडे, मग गोष्ट. 1360च्या सुमारास फिरोजशहा तुघलकाचा कालवा खणताना प्रचंड हाडे निघाली. इतिहासकार फरिश्ता सांगतो की त्यातली काही हत्तींची मानली गेली, काही राक्षसी माणसांची. शिवालिकच्या टेकड्यांत अशा दगड झालेल्या हाडांना लोक विजेची हाडे म्हणत. तिथेच जीवाश्मांचे अभ्यासक ह्यू फाल्कनर आणि प्रॉबी कॉटली यांना अजस्र कासवाचे अवशेष मिळाले, आणि पाठीवर जग तोलणारे कासव फाल्कनरलाही आठवलेच. ऑस्ट्रियाच्या ओथेनिओ आबेलने 1914मध्ये मांडले की ग्रीकांचा एकडोळ्या राक्षस म्हणजे हत्तीची कवटी असावी. हत्तीच्या सोंडेचे भोक कपाळाच्या मधोमध येते, ते डोळ्याची खोबण वाटले असेल. तर्क देखणा आहे, पुरावा नाही.

कायगावालाही हाच तर्क लावण्याचा मोह होतो, कारण याच गोदेच्या काठात हाडे खरोखर आहेत. दख्खनचा काळा पाषाण लाव्हाचा, त्यात जनावरांची हाडे शोधून उपयोग नाही. पण नदीने नंतर आणून टाकलेल्या वाळू-गोट्यांच्या थरांत मेलेले जनावर पटकन गाडले जाते. मग पाण्यात विरघळलेला चुना हाडात मुरतो, हाड दगडासारखे जड होते आणि चुन्याने बांधलेल्या त्या गोट्यांत पक्के बसते. कधीतरी पुराने दरड कोसळते आणि ते उघडे पडते. गोदेच्याच काठी, नांदूर मध्यमेश्वरला, अशा थरांत सरळ सुळ्यांच्या प्राचीन हत्तीचे अवशेष मिळाले. भूवैज्ञानिक गाय पिलग्रिमने त्यांची नोंद 1905मध्ये केली. या हत्तीला फाल्कनर-कॉटलींनी 1846मध्ये नर्मदेवरून नाव दिले होते. नर्मदेच्या खोऱ्यात त्याच्या जोडीला रानबैल होते, चक्क पाणघोडेही होते.

हा हत्ती केवढा? 2016मध्ये असिएर लारामेंडी यांनी मांडीच्या हाडाच्या एका तुकड्यावरून हिशेब केला: खांद्याशी पाच मीटरच्या वर, वजन सुमारे 22 टन. आजचा आशियाई नर खांद्याशी पावणेतीन मीटरच्या आसपास असतो. अंदाज सावधपणे घ्यायचा, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे.

मला मात्र हत्तीपेक्षा मोठा वाटतो तो अकीकाचा एक छिलका, म्हणजे दगडावर घाव घालून काढलेला धारदार तुकडा. कायगावाहून नदीने पैठणच्या खाली गेले की शेवगाव तालुक्यातले मुंगी लागते. प्राचीन जनावरांची हाडे देणाऱ्या तिथल्या थरात भूवैज्ञानिक वाईन यांना 1865मध्ये माणसाने घडवलेला हा छिलका मिळाला. रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार मिळाले त्याला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. भारतात इतका जुना माणूस होता हे पचायचे होते. थॉमस ओल्डहॅम यांनी 1868मध्ये छिलक्यावर टिपण लिहिले, तेव्हा थराच्या वयापुढे चक्क प्रश्नचिन्ह टाकले. ते वय त्यांनी फार जुने धरले होते, हे पुढे कळले. पण माणूस आणि ती जनावरे एकाच काठावर वावरत होती, हे टिकले. छिलका हातात धरणाऱ्याने शिकार केली, की आयते मेलेले जनावर सोलले, एवढे मात्र त्याच्या धारेवरून ठरत नाही.